विहीणबाईंनी ला पाझ पायी पाहिलं

आमच्या विहीणबाई एकतीस वर्षं पायी टपाल वाटत होत्या, ही गोष्ट योवानानं आम्हाला लग्नाआधीच सांगायला हवी होती. तिनं एवढंच सांगितलं, "बाबा, रुबेनची आई सरकारी नोकरीत होती." सरकारी नोकरी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं खुर्ची आली, टेबल आलं, टेबलावर शिक्का आला. माझी स्वतःची चौतीस वर्षं एका नोटरीच्या कचेरीत खुर्चीवर गेलेली. आमच्या ला पाझमध्ये मुद्रांकाच्या कागदाशेजारी कुणी दहा वर्षं बसला की लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागतात. मी चौतीस वर्षं बसलो, त्यामुळं सान पेद्रो भागात 'डॉक्टर किस्बेर्त' म्हटलं की कुत्रंसुद्धा शेपूट हलवतं. मला वाटलं, चला, बरोबरीचं स्थळ आहे. दोन्हीकडं बूड टेकून कमावलेलं अन्न आहे.

लग्नाला आम्ही मोंतेविदेओला गेलो, तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे सुल्माबाईंनी, मला रोज सकाळी समुद्राकाठी फिरायला नेलं. तिथला रस्ता परातीसारखा सपाट. हवा इतकी दाट की एक श्वास घ्यावा आणि दोन दिवस वापरावा. तिथं मीच काय, आमचं कपाटसुद्धा चाललं असतं. त्या जोशात मी बोलून गेलो, "विहीणबाई, एकदा या ला पाझला. सगळं शहर पायी फिरवून दाखवतो. तिथला एकेक दगड मला नावानं ओळखतो."

आता हे बोलणं म्हणजे उठलेल्या पाहुण्याला 'जेवूनच जा की' म्हणतात, त्यातलंच. ऐकणाऱ्यानं हसावं आणि बूट चढवावेत. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझं वाक्य पाकिटासारखं हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि पिशवीत टाकलं. पत्ता लिहिलेली वस्तू कधी ना कधी पोचवायचीच, हा त्यांचा धर्म.

दोन वर्षांनी योवानाचा फोन आला. तिला ला पाझच्या एका इस्पितळात, प्रयोगशाळेत, चांगली जागा मिळत होती. एकुलती एक मुलगी परत येणार म्हणून असुंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, फोन चालू असतानाच माझ्या गालाचा मुका घेतला. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे असं दिवसाउजेडी फारसं घडलेलं नाही.

"पण रुबेनचं अडतंय," योवाना म्हणाली. "आईचा शब्द तो मोडत नाही. आणि आई म्हणतात, तू जिथं राहणार ते शहर मी आधी बघेन. आवडलं तर जा म्हणेन, नाही आवडलं तर नाही म्हणेन. त्या येत्या सोमवारी येताहेत. एकट्याच. तुम्ही म्हणाला होतात म्हणे, सगळं शहर पायी दाखवतो. बाबा, आता सगळं तुमच्या हातात आहे."

"हातात कुठं, पायात म्हण," असुंता माझ्या खांद्यामागून म्हणाली. मी दोन चौकांवरचा पाव आणायला मिनीबसनं जातो, हे तिला माहीत आहे.

मला माझ्या पायांची काळजी नव्हती. मी इथं जन्मलो, इथल्या हवेत माझी फुफ्फुसं घडली. काळजी होती ती विहीणबाईंची. सदुसष्ट वर्षांची, समुद्राच्या कडेला वाढलेली बाई साडेतीन हजार मीटरच्या वर येणार. आल्या आल्या घेरी येऊन पडली, तर शहर तिला कसं आवडावं? पडलेल्या माणसाला कुठलंही शहर सारखंच दिसतं.

मी ही काळजी कोपऱ्यावरच्या दुकानदार रेमेदियोसबाईंना बोलून दाखवली आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या गल्लीची झाली.

"विमानातून उतरल्या उतरल्या कोकाच्या पानांचा चहा पाजा," रेमेदियोसबाई म्हणाल्या. "डोकं ठणकलं तर कानशिलांवर बटाट्याच्या चकत्या. कच्च्या. आणि स्वेटरच्या आत वर्तमानपत्र. रविवारचं घ्या, ते जाड असतं."

वरच्या मजल्यावरचे पोलिकार्पोराव लष्करी बँडमध्ये ट्यूबा वाजवून निवृत्त झालेले. ते मुद्दाम खाली आले. "फुफ्फुसांचं मला विचारा, डॉक्टर. श्वास नाकानं आत, तोंडानं बाहेर, आणि गाल असे!" त्यांनी गाल असे केले की आमच्या कपाटावरची फुलदाणी हलली. मग त्यांनी स्वतःचा चादरीएवढा रुमाल मला दिला. तो अल्कोहोलमध्ये भिजवून विहीणबाईंच्या नाकाशी धरायचा होता. "आणि जुनी म्हण त्यांना आधीच सांगून ठेवा: कमी खा, हळू चाल, एकटा झोप."

सोमवारी मी विमानतळावर गेलो तो चहाचा फ्लास्क, दोन बटाटे, सुरी, रुमाल आणि रविवारचं वर्तमानपत्र घेऊन. सुरी दारावरच्या शिपायानं काढून घेतली, पण ते सोडा.

विहीणबाई आल्या. अंगानं वाळक्या शेंगेसारख्या, काखेत थर्मास, खांद्यावर टपालाची जुनी चामडी पिशवी. मी धावलो. "कसं वाटतंय? डोकं? छाती? डोळ्यांपुढं काजवे?"

त्यांनी उभ्या उभ्या एक श्वास घेतला आणि आमटीची चव बघावी तसा तोंडात घोळवला. "पातळ आहे," त्या म्हणाल्या. "पण स्वच्छ आहे."

मी त्यांना म्हण सांगितली. "पहिल्या दोन गोष्टींचं बघू," त्या म्हणाल्या. "तिसरी अकरा वर्षं पाळतेच आहे." मग कठड्याशी जाऊन त्यांनी खाली दरीत पसरलेल्या शहराकडं पाहिलं. "ते का? उतारच आहे ना? चालत जाऊ."

सामानाचं कारण सांगून त्यांना टॅक्सीत बसवायला मला अर्धा तास लागला.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या देशातला तो कडू चहा काढला, धातूच्या नळीनं ओढायचा. त्याला पाणी उकळलेलं चालत नाही. उकळलं की पानं करपतात म्हणे. असुंताला हे ठाऊक नव्हतं. तिनं खळखळ उकळलेलं पाणी ओतलं. विहीणबाईंनी एक घोट ओढला आणि थांबल्या. आम्ही दोघंही थांबलो.

"उकळलं होतं?"

"चांगलं खळखळून," असुंता म्हणाली.

"मग करपला का नाही?"

इथं मी पुढं झालो. आमच्याकडं हवा विरळ, त्यामुळं पाणी लवकरच, अठ्ठ्याऐंशी अंशांवरच उकळतं, हे मी त्यांना असं समजावलं की जणू ही सोय मीच नगरपालिकेकडून मंजूर करून आणली आहे. विहीणबाईंनी किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं.

"म्हणजे या गावात हा चहा कुणाला बिघडवताच येणार नाही," त्या म्हणाल्या. "हंऽ."

मी असुंताला डोळा मारला. योवानाची खोली झाडून घ्यायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्या पिशवी लावून दारात उभ्या. हातात बघायच्या ठिकाणांची यादी. यादी महत्त्वाप्रमाणं लावलेली नव्हती, टपालाच्या फेरीप्रमाणं लावलेली होती: कुठल्याही रस्त्यावरून दोनदा जायला लागू नये अशी. नोटरीच्या कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला सुंदर यादी दिसली की भरून येतं. मला आलं.

मी लोकरी सूट घातला होता, टाय लावला होता, आणि खास या दिवसासाठी घेतलेले नवे बूट घातले होते.

"जुने घाला," असुंता म्हणाली.

"विहिणीसमोर जुने बूट?"

"मग निदान मोजे तरी बघून घाला."

असल्या बायकी सूचनांकडं पुरुषानं लक्ष देऊ नये, असं मला त्या वेळी वाटत होतं.

मोठ्या हमरस्त्यावर पहिला अपमान झाला. माझी चूक एवढीच की लाल दिवा असताना मी रस्ता ओलांडला. मी गेली साठ वर्षं तो असाच ओलांडतो आहे. पण आमच्या नगरपालिकेनं चौकाचौकांत झेब्र्याचे पोशाख घातलेली माणसं ठेवली आहेत, वाहतुकीची शिस्त लावायला. एक झेब्रा नाचत आला, माझा हात धरला आणि मला रस्ता ओलांडून परत मागं घेऊन गेला. मग हिरवा दिवा लागेपर्यंत माझ्याशेजारी एका पायावर डुलत उभा राहिला. बसमधली माणसं टाळ्या वाजवत होती. विहीणबाई पलीकडच्या कडेला शांतपणे थांबल्या होत्या. त्या आधीच्या हिरव्या दिव्यावरच गेल्या होत्या. मी पोचल्यावर झेब्र्यानं त्यांना मिठी मारली, मला नाही.

"हं," विहीणबाई म्हणाल्या. हा 'हं' आखूड होता. किटलीचा लांब होता. त्या दिवशी मी त्यांच्या हुंकारांचा अर्थ लावण्यात जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढी इस्टेटीच्या दस्तांवरही कधी केली नव्हती.

मग साल्तेन्या. रश्शानं भरलेली ही करंजी उभी धरून खायची, टोक चावून आधी रस ओढून घ्यायचा. ज्याचा थेंब सांडला तो गावठी, असा आमचा कडक नियम. मी विहीणबाईंना शास्त्र समजावत होतो आणि बोलता बोलता माझा सगळा रस्सा टायवर आला. विहीणबाईंनी माझं ऐकून घेतलं आणि जन्मातली पहिली साल्तेन्या एक थेंब न सांडता संपवली. शिवाय टोकाचा तुकडा तोंडात टाकून रिकामं कागदी पाकीट विक्रेतीला उलटं करून दाखवलं. तिनं खूश होऊन त्यांना आणखी एक दिली. प्रतिष्ठा सावरण्यासाठी मी आणखी दोन खाल्ल्या. प्रतिष्ठा सावरली नाही, पण पोटात तीन झाल्या.

संसदेच्या माथ्यावरचं घड्याळ आमच्याकडं उलटं चालतं. आकडे उलटे, काटेही उलटे. आम्ही दक्षिणेकडची माणसं, आमचा काळ आमच्या दिशेनं चालेल, असा त्यामागचा विचार. परक्यांपुढं त्याचं समर्थन करताना मी नेहमी जरा अडखळतो. मी घसा खाकरला, पण विहीणबाईंनीच आधी तोंड उघडलं.

"आमच्या टपाल कचेरीत असं घड्याळ असतं," त्या म्हणाल्या, "तर माझ्या हातून एकही पत्र उशिरा पोचलं नसतं."

हा कौतुकाचा शेरा की टोमणा, हे मला चौकातल्या कबुतरांनाच विचारावंसं वाटलं.

तोवर माझ्या टाचा गेल्या होत्या. विहीणबाई मात्र चालत होत्या. हे सांगायलाच हवं: तसं चालणं मी आयुष्यात पाहिलं नाही. घाई नाही, धाप नाही, पाऊल मोठं नाही. शिवणयंत्राचा टाका पडावा तसं एकसारखं. चढ आला तरी तेच, उतार आला तरी तेच. डोळे मात्र दारांवर. कुठल्या दाराला पत्राची फट आहे, कुठल्या घरावर आकडा आहे, कुठल्यावर नुसता खिळा राहिलाय. माणसं देवळं बघतात. विहीणबाई दारं बघत होत्या. आणि डोक्यावरून केबलगाडीचे पाळणे गपचूप जात होते, त्यांच्याकडं त्या दर वेळी मान वर करून असं बघत, जसं जुना मल्ल आखाड्याबाहेर उभा राहून नव्या पोरांची कुस्ती बघतो.

पुढं रंगीत घरांच्या जुन्या गल्लीतलं एक छोटं संग्रहालय यादीत होतं. नाव सांगत नाही. तिथं मी घोटाळा केला.

ज्येष्ठ नागरिकांना तिकिटात सूट होती. सूट फार तर एका पावाची; पण हक्क म्हणजे हक्क. खिडकीमागच्या चष्मेवाल्या गृहस्थांनी माझं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाले, "झेरॉक्स?"

"झेरॉक्स कशाला? मूळ तुमच्या हातात आहे."

"मूळ तुम्ही घेऊन जाणार. मग माझ्याकडं काय राहणार?"

या प्रश्नाला उत्तर नाही. मला ठाऊक आहे, कारण चौतीस वर्षं मीच हा प्रश्न लोकांना विचारत होतो. मी जाऊन झेरॉक्स आणली. ते म्हणाले, "मागची बाजू?" मी मागची बाजू आणली. ते म्हणाले, "दोन्ही एका पानावर हव्यात." मला राग यायला हवा होता, पण मला त्या माणसाचा मोह पडला. शिक्का उमटवण्याआधी त्यांनी शिक्क्यावर हळूच फुंकर घातली. मीही घालायचो! मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी विचारलं, कुठली शाई वापरायचात? जांभळी की निळी? झालं. शाईवरून आम्ही कागदावर गेलो, कागदावरून टाचण्यांवर, आणि खरं सांगतो, सेवानिवृत्त झाल्यापासून इतक्या उंचीच्या गप्पा मी मारल्या नव्हत्या.

पाऊण तासानं दोन तिकिटं घेऊन मी वळलो, तर विहीणबाई नव्हत्या.

गल्लीत नव्हत्या. संग्रहालयात नव्हत्या. कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. "थर्मासवाल्या आजी? मला विचारत होत्या, अकराशे चाळीस नंबरानंतर एकदम अकराशे सत्तर कसा आला, मधली घरं गेली कुठं म्हणून. मी म्हटलं, मला काय ठाऊक. तर म्हणाल्या, मग बघायला हवं. गेल्या तिकडं." त्यानं बोट दाखवलं.

बोट वर होतं. आमच्याकडं रस्ता दमला की त्याच्या पायऱ्या होतात. त्या पायऱ्या दोन भिंतींमधून थेट आभाळात गेल्या होत्या.

मुलीची सासू, परका देश, अनोळखी वस्ती, मी सोबत असताना हरवली. मोंतेविदेओत हे कळलं की संपलं. मी पळालो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, लोकरी सूट, डोक्यावर दुपारचं ऊन, पोटात तीन साल्तेन्या, पायांत ते बूट. पायऱ्या मोजत होतो, कारण मोजलं की भीती आवरते. एकशे बारापर्यंत मोजल्याचं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा वर गोल आभाळ होतं आणि आभाळाभोवती गोल टोप्या. बाजारातल्या बायकांच्या त्या काळ्या, उंच टोप्या. मी पायऱ्यांच्या टप्प्यावर आडवा होतो, डोक्याखाली कुणाची तरी शाल होती, आणि माझे पाय एका बटाटे विकणाऱ्या बाईच्या मांडीवर होते. तिनं माझे बूट काढले होते, मोजा अंगठ्याशी फाटलेला होता आणि अंगठा सगळ्या जगाला नमस्कार करत होता.

"उठू नकोस, राजा," ती बाई म्हणाली. "पडला आहेस ना, मग जरा नीट पड."

भोवती भांडण जुंपलं होतं. दोघी तिला म्हणत होत्या, सरक, पाय आम्ही धरतो. एक म्हणे कोका चघळायला द्या, दुसरी म्हणे चघळायला नको, गुदमरेल, कांदा हुंगवा. तिसरीनं माझ्या खिशातला पोलिकार्पोरावांचा रुमाल शोधून काढून तो माझ्या नाकावर दाबला होता. बटाटेवालीनं आपल्याच राशीतला एक चांगला बटाटा निवडून कापला आणि चकत्या माझ्या कानशिलांवर थापल्या. विहीणबाईंसाठी गल्लीनं जे जे गोळा केलं होतं, ते ते सगळं माझ्यावर झालं. वर्तमानपत्र तेवढं राहिलं होतं. त्यानं एकजण मला वारा घालत होता.

"कुठून आलास बाबा?" एका म्हातारीनं मायेनं विचारलं. "समुद्राकडचा का?"

"सान पेद्रोचा," मी म्हणालो.

"म्हणजे इथला? हा खालचा?"

"हो."

"अगं बाई! इथलाच माणूस, आणि इथलीच हवा लागली!" मग ज्या बायका आधी काळजीनं आल्या होत्या त्यांच्या मागं दुसऱ्या नुसत्या बघायला आल्या. मासा पाण्यात बुडाला म्हटल्यावर कोण बघायला येणार नाही?

तेवढ्यात गर्दीतल्या एकानं मला ओळखलं. त्याचं मृत्युपत्र मी कधीतरी टाइप केलं होतं. "अहो, हे तर डॉक्टर!" तो ओरडला.

"डॉक्टर आले! वाट द्या, वाट द्या!" मागची माणसं ओरडली. गर्दी दुभंगली. सगळे मागं वळून बघायला लागले.

"कुठायत डॉक्टर?"

"हेच, हे पडलेत ते."

"मग स्वतःला तपासत का नाहीत?" म्हातारी म्हणाली, आणि संधी साधून तिनं आपली जीभ बाहेर काढून माझ्यापुढं धरली. जिभेबद्दल तिची जुनी तक्रार होती.

अशा वेळी वरच्या पायऱ्यांवरून विहीणबाई उतरल्या. तेच पाऊल, तोच टाका. "व्याहीबुवा, सापडली!" त्या लांबूनच म्हणाल्या. "मागच्या बोळात आहेत, चौदा घरं. एक नंबर दोघांनी लावलाय, पण मी त्यांना सांगून…" आणि मग त्यांना मी दिसलो.

त्या थांबल्या. माझ्या तोंडाकडं त्यांनी एकदाच पाहिलं आणि मी जिवंत आहे याची खात्री करून घेतली. मग त्या माझ्या पायांकडं बघत राहिल्या. माझे पाय, फाटका मोजा, बटाटेवालीचे तळवे चोळणारे हात. किती वेळ बघत होत्या कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी आधी पाहिला नव्हता. ना लांब हं, ना आखूड. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, असुंता, खोली झाडू नकोस.

आता मला घरी न्यायचं कसं? टॅक्सी पायऱ्यांवर येत नाही, आणि खाली रस्त्यावर मोर्चा निघाल्यामुळं सगळी वाहनं अडकलेली. बटाटेवालीच्या दिराची हातगाडी होती. त्यानं आणि दुसऱ्या तिघांनी मला उचलून खाली आणलं आणि दोन रिकाम्या पोत्यांवर बसवलं, तोंड मागं करून, म्हणजे पाय लांब करता येतील. बूट माझ्या मांडीवर. चकत्या कानशिलांवर. बटाटेवालीला मी पैसे देऊ केले तर ती म्हणाली, "एका बटाट्याचे?" आणि आपल्या राशीकडं परत गेली.

या शहराचा एकेक दगड मला ओळखतो, असं मी म्हणालो होतो. त्या गाडीला स्प्रिंगा नव्हत्या. त्या दिवशी मात्र एकेका दगडाशी माझी जातीनं ओळख झाली.

आणि चौकातून जाताना भेटलं कोण? सगळे. माझ्या कचेरीतले दोन जुने कारकून टोप्या काढून उभे राहिले. त्यांना वाटलं माझं आटोपलं. मी हात हलवल्यावर एकजण दचकून बाकावर बसला. संग्रहालयातले चष्मेवाले गृहस्थ जेवायला निघाले होते, त्यांनी मोठ्यानं विचारलं, "तिकिटं वापरली नाहीत का?" हमरस्त्यावर तोच झेब्रा. या वेळी दिवा हिरवा होता, आणि त्यानं आमच्या गाडीला सलाम ठोकून सगळी वाहतूक थांबवली. राष्ट्राध्यक्षांसाठीही ती इतकी नीट थांबत नसेल.

पण एक सांगतो. मागं तोंड करून बसल्यामुळं मला चढाकडंच बघावं लागलं, आणि मला ला पाझ दिसलं. दोन्ही अंगांना लाल विटांची घरं एकावर एक चढत आभाळापर्यंत गेलेली, हजारो खिडक्या उन्हात लखलखणाऱ्या, आम्ही खाली द्रोणाच्या तळाशी आणि सगळं शहर जणू आमच्याकडं बघायला वाकलेलं. एका वळणावर रस्त्याच्या टोकाला इयिमानीचा बर्फाचा डोंगर उभा राहिला, इतका जवळ, इतका शांत, की गाडी ओढणाराही क्षणभर थांबला. तो तर रोज बघत असेल. एकोणसत्तर वर्षं मी इथं राहतो. मान वर करून बघायला मला हातगाडीत घालावं लागलं. मी विहीणबाईंना काही म्हणणार होतो, पण त्या गाडीच्या कडेला हात ठेवून, माझ्या पायांवर नजर ठेवून चालत होत्या. शेवटच्या चढाला त्यांनी पिशवी माझ्या मांडीवर टाकली आणि गाडी मागून ढकलायला लागल्या.

घरी असुंतानं मला दारात पाहिलं. तिनं आधी रडून घेतलं, मग मोजा पाहिला, मग रागावली. हा क्रम बरोबरच होता.

संध्याकाळी मी कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो. पोलिकार्पोराव वरून ट्यूबावर काहीतरी धीर देणारं वाजवत होते. फोन वाजला. मी हात पुढं केला, पण विहीणबाईंनी उचलला. पलीकडं रुबेन होता.

"हो, पाहिलं," त्या म्हणाल्या. मग त्याचं ऐकून, "नाही, सगळं नाही. निम्मी यादी राहिली. ऐक, रुबेन. तुझे बाबा पडले तेव्हा मी फेरीवर होते, तुला माहीत आहे. मी पोचले तेव्हा रुग्णवाहिका आलेली होती. नऊ मिनिटांत आली. लोक भोवती उभे होते, अंतर ठेवून, त्यांना हवा लागावी म्हणून. बरोबरच केलं त्यांनी. कुणाचं काही चुकलं नाही. पण त्यांचे बूट तसेच होते, रे. घट्ट बांधलेले. अकरा वर्षं मला ते बूट दिसतात."

स्वयंपाकघरात असुंताच्या हातातला डाव थांबला. वरचा ट्यूबाही नेमका थांबला.

"आज तुझे सासरे पडले. नाही, बरे आहेत, पाय भिजवत बसलेत. एका बाईनं विकायला मांडलेला माल बाजूला सारला आणि त्यांचे पाय मांडीवर घेतले. ती त्यांना ओळखत नव्हती. नावही विचारलं नाही. बाकीच्या तिच्याशी भांडत होत्या, की पाय मी धरते." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही या इथं. माझं काय? माझं मी बघीन. इथं चौदा घरांना नंबर नीट लावून द्यायचेत, त्याला काही दिवस लागतील."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि डोळे पुसायला नव्हे, चहाचं पाणी ठेवायला आत गेल्या. निदान तसं त्या म्हणाल्या.

फोनवर आता योवाना होती. हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "बाबा, रुबेन हो म्हणाला! बाबा, अहो, असं दाखवलंत तरी काय त्यांना?"

"काही नाही गं," मी म्हणालो. "मी नुसता पडलो."